माझ्या राजाची अडीच घरं

आमचं जयपूरचं घर आदर्श नगरात होतं. घर म्हणजे एका पंजाबी कुटुंबाच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या आणि पुढे अंगण. अंगण दोघांचं. घरमालकीण फाळणीत मुलतानहून आलेली, तिला सगळी गल्ली बीजी म्हणायची, म्हणून आम्हीपण म्हणायचो. बाबा केंद्र सरकारच्या हिशेबाच्या ऑफिसात होते. अकोल्याहून नागपूर, नागपूरहून जयपूर अशी त्यांची बदली झाली. बाकीचे मराठी लोक थोडी वर्षं काढून परत जायचे. बाबांची फाईल कुठे दबली ती दबलीच, आणि आम्ही जयपूरचे झालो. मी आता जी मराठी लिहितोय ती त्या दोन खोल्यांतली आहे. शाळेत मी मराठी शिकलो नाही. अक्षरं हिंदीच्या मास्तरांनी शिकवली, तीही मारून. माझी मुलगी हे टाईप करते आहे. ती म्हणाली, बाबा, मधेमधे थोडं दुरुस्त करू का? मी म्हटलं, टाईप कर, दुरुस्त करू नकोस. ज्याला वाचायचं तो वाचेल.

शाळेचं एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको. नववीत नापास झालो, पुन्हा नववीत बसवलं, पुन्हा नापास झालो, मग मी जाणंच सोडलं. मास्तर फळ्यावर काहीतरी लिहायचे आणि मला त्या फळ्यावर चौकोन दिसायचे, चौकोनांत घोडे दिसायचे. आज माझ्याकडे मुलं शिकायला येतात, त्यांच्या आया पहिल्या दिवशी विचारतात, "सर, अभ्यासाचं नुकसान तर नाही ना होणार?" मी म्हणतो, होईल. काही उठून जातात. ज्या बसल्या त्यांच्यातल्या दोघींची पोरं आज ग्रँडमास्टर आहेत. मीही आहे. किताब मला उशिरा मिळाला, केस पिकल्यावर, पण मिळाला. नववी नापास माणसाला जगात आणखी कुठे मास्टर म्हणतात ते मला कोणी सांगावं.

घर आवाजांनी भरलेलं असायचं. पहाटे मोती डुंगरीकडून मोर ओरडायचे. मग बीजींचा हातपंप सुरू व्हायचा, त्याची दांडी अशी कुरकुरायची की कोणाला अलार्म लावायची गरज नव्हती. मग आईचा पाटा-वरवंटा. आई जयपुरात आली, पण तिचा स्वयंपाक अकोल्यातच राहिला. मनासारखी ज्वारी मिळायची नाही म्हणून ती बाजारवाल्या भैयाशी रोज भांडायची आणि शेवटी बाजरी घेऊन यायची. थंडीत बाजरीची भाकरी, झुणका, कांदा फोडून, आणि वाटीत ठेचा. बीजी तो ठेचा चाखायच्या, पदरानं डोळे पुसायच्या, आणि म्हणायच्या, "कमला, तू खाना बनाती है कि लड़ाई लड़ती है?" असं म्हणून वाटी पुन्हा पुढे करायच्या. गोडा मसाला मात्र अकोल्याहून कोणी येईल तेव्हा डब्यातून यायचा. तो डबा उघडला की आई आधी नुसता वास घेत उभी राहायची.

संध्याकाळी बाबा ऑफिसातून यायचे, सायकल भिंतीला टेकवायचे, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि खाटेवर पट उलगडायचे. पट कापडाचा होता, आईनं लाल दोऱ्यानं चौकोन भरलेले. ऑफिसात बाबा कोणाशी उंच आवाजात बोलले असतील असं मला वाटत नाही. साहेबांसमोर तर ते बोलायच्या आधीच होकाराची मान हलवायचे. पण माझ्यासमोर पटावर बसले की वेगळा माणूस, मलाही अहोजाहो करायचे. "काय गजाननराव, आज कोणाला मारताय? आम्हाला? बरं बरं. आधी तुमचा हत्ती कुठे गेला ते बघा." बोलणं थांबायचंच नाही. देशी बुद्धिबळात बोलायला मनाई नसते, उलट जो गप्प बसतो त्याला लोक घाबरट समजतात.

बाबा खेळायचे ते आपलं देशी बुद्धिबळ. आजच्या मुलांना ते ठाऊक नाही म्हणून सांगतो. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जातं. राजाला किल्लेकोट नाही, मतलब एका चालीत कोपऱ्याकडे जाऊन हत्तीच्या आड लपता येत नाही. त्याऐवजी राजाला एक उडी असते. सगळ्या डावात एकदाच, घोड्यासारखी अडीच घरं. पण तीही शह बसायच्या आधी. एकदा शह बसला की उडी गेली, मग त्या राजानं डाव संपेपर्यंत एकेक पाऊल चालायचं. बाबांचा सगळा खेळ यावरच होता. कुठूनतरी लवकर शह द्यायचा, माझी उडी घालवायची, आणि मग माझ्या राजाला पटभर हिंडवायचं. "चल राजा, जरा हवा खाऊन ये," असं म्हणत ते त्याला भर चौकात आणायचे आणि मी रडकुंडीला यायचो. आई आतून ओरडायची, "अहो, पोराला का छळता?" बाबा म्हणायचे, "मी कुठे, त्याचाच राजा हिंडतोय." असं करता करता मला सवय झाली. चारी बाजूंनी शत्रू, डोक्यावर छप्पर नाही, आणि त्यातून एकेक घर पाहून पाऊल टाकायचं. पुढे पुढे तर शह बसला की मला बरं वाटायचं. आता उडीची काळजी नाही, आता नुसतं चालायचं.

शाळा सोडल्यावर मी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाऊ लागलो. तिथे विलायती नियमांनी खेळायचे, कारण स्पर्धा सगळ्या त्याच नियमांच्या. प्यादं पहिल्यांदा दोन घरं, राजाला किल्लेकोट, समोर घड्याळ, आणि तोंड बंद. मला ते नियम शिकायला फार वेळ लागला नाही. त्या खोलीतल्या सगळ्यांना मी एकेक करून हरवलं आणि मला ते आवडलं, हे खोटं कशाला सांगू. घरी येऊन बाबांना नवे नियम सांगितले तर ते हसले. "दोन घरं? एवढी कसली घाई त्या प्याद्याला?" त्यांनी ते नियम शिकायला साफ नकार दिला. म्हणून मी दिवसा विलायती खेळायचो आणि संध्याकाळी देशी. डोकं दोन्ही वेगळं ठेवायचं. हात मात्र एकच होता, आणि तो बाबांनी तयार केलेला होता.

आता बापूमामांचं. आईचे थोरले भाऊ. अकोल्यात त्यांची कापसाची जिनिंग होती, घरात माणसं होती, आवाज मोठा होता. मी वाचनालयात जायला लागल्यावर एका वर्षी ते संक्रांतीसाठी आमच्याकडे आले. आल्या आल्या खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि बाबांना म्हणाले, "काहून जवाईबुवा, हे पोट्टं काय करते आजकाल?"

बाबा म्हणाले, "आहे, चाललंय."

"काय चाललंय?"

"बुद्धिबळ खेळतो," आई म्हणाली.

"खेयनं हा काही धंदा आहे काय, कमल? मिसरूड फुटलं याले. उद्या पोरगी कोन देईन?" मग माझ्याकडे वळून, "चाल माह्यासंगं. जिनिंगवर बस. गाड्या येतीन, कापूस उतरन, त्याच्यावर ध्यान ठेव. माणसात येशीन."

मामा दुष्ट नव्हते. आजही मी त्यांना दुष्ट म्हणणार नाही. बहिणीचा मुलगा वाया जातोय असं त्यांना वाटत होतं, आणि आदर्श नगरातल्या अर्ध्या लोकांनाही वाटत होतं. त्या आठवड्यात जयपुरात राजस्थानच्या संघाची निवड स्पर्धा चालू होती आणि मी तीत खेळत होतो. आईनं ते सांगितलं. मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ठीक आहे. संघात याचं नाव लागलं तर मी एक शब्द बोलनार नाही. नाही लागलं तर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी माह्यासंगं गाडीत बसायचं. काय जवाईबुवा?"

बाबांनी मान हलवली. साहेबांसमोर हलवायचे तशी. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मला राग आला तो मामांचा नव्हे, त्या मानेचा. मी म्हणालो, "चालेल." आई भाकरी थापत होती, तिचे हात थांबले, मग पुन्हा सुरू झाले.

शेवटचा डाव नेमका संक्रांतीच्या दिवशी आला. जयपूरच्या माणसानं अशी तारीख कधी ठरवली नसती. स्पर्धेचे मुख्य पंच मद्रासकडचे होते, त्यांना कोणी सांगितलं नाही की या दिवशी इथे सगळं शहर गच्चीवर असतं. सकाळपासून आकाश पतंगांनी भरलं होतं. तिलक नगरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमची टेबलं मांडली होती. खिडक्या बंद केल्या तरी प्रत्येक गच्चीवरून लाऊडस्पीकर आणि "वो काटा" ऐकू येत होतं. पंच दर थोड्या वेळानं खिडकीकडे बघून कपाळाला हात लावायचे.

माझं गणित सोपं होतं. शेवटचा डाव जिंकलो तर संघात, बरोबरी झाली तरी बाहेर. आणि समोर जोधपूरचे माथुर. वकील होते, मागच्या वर्षीचे राज्य विजेते, कोट घालून खेळायचे, विलायती पुस्तकं वाचायचे. माणूस सभ्य. डाव सुरू व्हायच्या आधी त्यांनी मला तिळाचा लाडू दिला. मी खाल्ला. बाबांना सुट्टी होती, ते माझ्याबरोबर आले आणि मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले. मला विलायती नियमांनी खेळताना ते पहिल्यांदाच बघत होते.

पांढरे मोहरे माझे होते. सुरुवात बरी झाली. राजासमोरचं प्यादं दोन घरं टाकलं, घोडे बाहेर काढले, मग उजव्या बाजूचं घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवलं. मागे रिकाम्या झालेल्या घरात उंट नेऊन बसवायचा आणि पुढच्या चालीला किल्लेकोट करायचा, असं ठरलेलं. सरळ गोष्ट, आज माझ्याकडची लहान पोरंसुद्धा डोळे मिटून करतात. बाहेर कुठेतरी मोठा पतंग कापला गेला असावा, एकदम ओरडा झाला. माझा हात पुढे गेला आणि त्यानं उंटाऐवजी राजा उचलला. उचलला आणि त्या रिकाम्या घरात ठेवला. अडीच घरं. बाबांसमोर हजार वेळा केलेली उडी. मी घड्याळसुद्धा दाबलं.

माथुर थोडा वेळ पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी घड्याळ थांबवलं आणि बोट वर केलं. पंच आले, वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ये क्या है?"

 शेजारच्या टेबलावरचे उठून बघू लागले. कोणीतरी हसलं. "अरे, इसका राजा घोड़ा है." मग आणखी लोक हसले. माझे कान असे तापले की बाहेरचे आवाज बंद झाले.

तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज आला. बाबा उभे राहिले होते. टोपी हातात, पण आवाज मोठा. "साहब, ये चाल है. हमारे यहाँ है."

पंच म्हणाले, "यहाँ नहीं है. बैठिए."

"है, साहब. शह नहीं लगा था उसको. एक बार जा सकता है."

"आप बैठिए, नहीं तो बाहर जाइए."

बाबा बसले. पण बसायच्या आधी त्यांनी सगळ्या हॉलकडे एकदा पाहिलं. ते पाहणं मी विसरलो नाही. ऑफिसातल्या माणसाचं नव्हतं ते, पटावर बसलेल्या माणसाचं होतं. मला त्या क्षणी वाटलं, आपण हरलो तरी चालेल असं आता म्हणता येणार नाही. एकट्याचा डाव राहिला नव्हता.

पंचांनी राजा परत मूळ घरात ठेवला आणि नियम सांगितला. ज्या मोहऱ्याला हात लागला तोच चालवायचा. मतलब राजाच. उंट अजून मधे उभा होता म्हणून किल्लेकोट करता येत नव्हता. राजाला जायला घर एकच होतं, सरळ समोर. गेला तर किल्लेकोट कायमचा गेला, आणि राजा भर दारात खुर्ची टाकून बसल्यासारखा, मागे उंटाची एक वाट बंद, वजीर अडकलेला. मी राजा एक घर पुढे ठेवला. माथुरांनी चष्मा पुसला. आता ते कोटाची बटणं उघडून आरामात बसले.

माझा एक विद्यार्थी आहे, फार हुशार, त्यानं मागच्या वर्षी हा डाव संगणकात घातला. म्हणाला, "सर, इंजिन म्हणतं इथून तुम्ही हरायला पाहिजे होतं." मी म्हटलं, इंजिनला सांग, आता फार उशीर झाला.

माथुर हल्ला घेऊन आले. सगळे मोहरे बाहेर काढले आणि घोड्यानं पहिला शह दिला. आणि काय सांगू, तो शह बसला आणि माझ्या डोक्यातलं सगळं धुकं गेलं. ही जागा माझ्या ओळखीची होती. याच जागेवर बाबांनी मला वर्षानुवर्षं आणून सोडलं होतं. माथुर मात्र तिथे नवे होते. त्यांनी पुस्तकं पुष्कळ वाचली असतील, पण त्या पुस्तकांतले राजे सगळे कोपऱ्यात लपलेले. उघड्यावर चालणारा राजा दिसला की त्यांना मोह आवरेना. शह द्यायचे, मी एक पाऊल पुढे. पुन्हा शह, पुन्हा पुढे. मागे जायला जागा असतानाही मी पुढे गेलो, कारण मागे आपलीच माणसं वाटेत होती. राजा दारातून हलला तसा मागचा उंट मोकळा झाला आणि लांब तिरप्या रेषेवर जाऊन बसला. मग एका शहाला मी वजीर आडवा घातला. त्यांना वजिराला वजीर द्यावा लागला. दोन्ही वजीर पटावरून गेले आणि मी पहिल्यांदा मान वर केली.

हॉलमधले बाकीचे डाव संपत आले होते. एकेक जण येऊन आमच्या टेबलाभोवती उभा राहू लागला. मघाशी हसलेला पण त्यांच्यात होता. आता कोणी हसत नव्हतं. माझा राजा पटाच्या मधोमध होता, मग मधोमधच्या पुढे गेला, मग माथुरांच्या हद्दीत. त्यांचा राजा किल्लेकोट करून कोपऱ्यात बसलेला, अंगावर स्वतःचीच माणसं. त्याला हलायला जागा नव्हती. माझा राजा चालत चालत त्याच्या दाराशी आला. दोघांच्या मधे एक घर. माथुरांनी कोटाची बटणं पुन्हा लावली, मला ते का लक्षात राहिलं कोण जाणे. त्यांच्याकडे शह संपले होते.

आता माझी चाल होती आणि हत्तीनं मात होत होती. हत्ती उचलून शेवटच्या रांगेत ठेवायचा, संपलं. सगळ्यांना दिसत होतं. माझ्या मागे उभ्या असलेल्या एकानं श्वास सोडला तो मला मानेवर लागला. मी हत्तीकडे हात नेला नाही. माझं एक प्यादं त्यांच्या राजाजवळ आलेलं होतं. ते एक घर पुढे सरकलं तरी मात होत होती. एक घर माझ्या उंटानं धरलेलं, बाकीची माझ्या राजानं, आणि शह देणारं ते प्यादं. विलायती खेळात मात ती मात, कशानं दिली याला काही किंमत नाही. आपल्याकडे आहे. हत्तीनं मात दिली तर जिंकलात, ठीक. सगळ्यांत लहान मोहऱ्यानं, प्याद्यानं मात दिली तर ती प्यादेमात, आणि ज्यानं दिली त्याचं नाव लोक वर्षभर काढतात. बाबांनी मला कितीदा हरवलं होतं, पण प्यादेमात त्यांनाही कधीमधीच जमायची. मी पटावर वाकलो, प्यादं दोन बोटांत धरलं आणि पुढे ठेवलं. घड्याळ दाबलं नाही. आता कशाला दाबायचं.

मागच्या बाकावरून आवाज आला, हळू, पण सगळ्या हॉलला ऐकू गेला. "प्यादेमात." पंचांनी मान वर केली. यावेळी त्यांनी बाबांना बसा म्हटलं नाही.

माथुर उठले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "बेटा, हाथी से भी तो हो जाती."

मी म्हटलं, "हो जाती, साहब."

ते हसले. फार मोठ्या मनाचा माणूस. पुढे आम्ही एकाच संघात खेळलो आणि दर स्पर्धेत माझी ओळख करून देताना ते हीच गोष्ट सांगायचे. राजा घोड्यासारखा उडाला तिथून सुरुवात करायचे. मला राग यायचा नाही, कारण शेवट कुठे होणार ते मला माहीत असायचं. आज मी शिकवतो तेव्हा पहिला महिना मुलांना किल्लेकोट करू देत नाही. पालक तक्रार करतात, सर, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हणतो, राजाला आधी चालता आलं पाहिजे, लपायला काय, कोणालाही येतं.

पंचांनी कागदावर नावं लिहून दाराला लावली, त्यात माझं होतं. बाबांनी जवळ जाऊन वाचलं, मग थोडं मागे होऊन पुन्हा वाचलं. आम्ही सायकलवरून घरी आलो, मी चालवत होतो आणि बाबा मागे कॅरियरवर. रस्त्यात मांजा लटकत होता, पोरं काटक्या घेऊन पळत होती.  मोती डुंगरीच्या उतारावर बाबा म्हणाले, "हळू चालव. आता तुला काही होऊन चालणार नाही."

अंगणात मामा खाटेवर बसले होते, बीजी गच्चीवरून खाली आलेल्या, त्यांच्या हातात तिळपापडीची ताटली. आई आत चुलीपाशी, दुसऱ्या दिवशीच्या प्रवासाच्या दशम्या करत होती, तुपाचा वास अंगणापर्यंत आला होता. मामांनी विचारलं, "काय झालं?"

मी सांगणार तेवढ्यात बाबांनी हात वर करून मला थांबवलं. ते आत गेले, पट आणला, खाटेवर मामांच्या समोर उलगडला आणि मोहरे मांडले. "बापूसाहेब, बघा," ते म्हणाले. आणि त्यांनी सगळा डाव पहिल्या चालीपासून मांडून दाखवला. एक चाल चुकले नाहीत. ज्या नियमांना ते हसायचे, ते नियम त्यांनी त्या एका दिवसात बाकावर बसून शिकून घेतले होते. राजाच्या उडीपाशी आले तेव्हा त्यांनी राजा उचलून अडीच घरं नेला आणि म्हणाले, "इथे पंच म्हणाले अशी चाल नाही. मी म्हटलं, आहे."

"तुमी म्हटलं?" मामा म्हणाले. "पंचाले?"

"म्हटलं," बाबा म्हणाले. "दोनदा म्हटलं."

मामांनी बाबांकडे असं पाहिलं की जणू आजच लग्न ठरवायला आले आहेत आणि मुलगा पसंत पडला आहे. मग ते पटावर वाकले. जिनिंगच्या ओट्यावर तेही देशी बुद्धिबळ खेळायचे, हे मला त्या दिवशी कळलं. राजा चालायला लागला तसे ते खाटेच्या कडेला सरकले. बीजींना काही कळत नव्हतं पण त्या दर चालीला "शाबाश" म्हणत होत्या, माथुरांच्या चालीलासुद्धा. शेवटी बाबांनी प्यादं एक घर पुढे ठेवलं आणि हात मागे घेतला.

मामांनी हत्तीच्या घरावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "हत्ती इथं मोकया होता."

"होता," बाबा म्हणाले.

"अन् पोट्ट्यानं प्याद्यानं देल्ली."

"हो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मिशीवरून हात फिरवला, घसा साफ केला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "कमल, उद्याच्या दशम्या एकल्याच्याच बांध वं. मी एकलाच चाललो."

आतून पोळपाटाचा आवाज थांबला नाही. आई म्हणाली, "सकाळपासून एकट्याच्याच करतेय, दादा."